भागण्याआधीचा नमस्कार

"म्हणजे तो आणि मी सारखेच, असं म्हणायचंय का महाराजांना?"

वैजनाथानं हे विचारलं तेव्हा सोमगीर महाराज ओसरीवर गणितं मांडायच्या धूळपाटीची माती हातानं सारखी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुठं काही म्हणालो," ते म्हणाले.

तो म्हणजे फाटकाबाहेर उभा असलेला माणूस. उजाडल्यापासून तिथंच होता. खांद्यावर एक गाठोडं, पायात कसल्याशा चपला, आणि दोन्ही हात फाटकाच्या गजांवर. मठात राहायचं आहे, एवढंच त्यानं वैजनाथाला सांगितलं होतं. वैजनाथानं त्याला तोंडावरून ओळखलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

खालच्या गावात त्याला सगळेच ओळखत होते. बांधाच्या भांडणात त्यानं शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवली होती. गंजीची आग गोठ्याला लागली आणि दावणीची बैलजोडी जळाली. त्यासाठी तो तुरुंगात जाऊन आला. शिक्षा संपली, पण गावानं संपवली नाही. विहिरीवर त्याला कुणी पोहरा टाकू देत नव्हतं. मठानं घेतलं नाही, तर त्याला जायला दुसरं ठिकाण उरलं नव्हतं.

"त्याला आत घेतलंत तर मी मठ सोडून जाईन," वैजनाथ म्हणाला.

ही धमकी पोकळ नव्हती. महाराज थकले होते. येत्या उत्सवात मठाची गादी वैजनाथाकडे जाणार, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. किल्ल्या तर आत्ताच त्याच्या कमरेला होत्या. वैजनाथ हुशार होता, आणि ते त्याला इतकं पक्कं माहीत होतं की बाकी कुणी सांगायची गरज पडत नसे.

मी त्या वेळी मठात नवा होतो. ओसरीच्या कडेला पूजेची फुलं निवडत होतो. एकच फूल मी बराच वेळ निवडत राहिलो असेन, कारण कान सगळे तिकडे होते.

आमचा मठ बालाघाटच्या डोंगरात, एका तळ्याच्या काठी. मठ गोसाव्यांचा, पण जपमाळ कमी आणि बीजगणित जास्त. भगवी घेण्याआधी महाराज शाळेत बीजगणित शिकवत. मन जपाला बसत नसेल तर गणिताला बसवा, कुठंतरी बसलं म्हणजे झालं, असं ते म्हणत. आणि गणितांमध्येही त्यांना आवडायच्या त्या असमानता. जिथं दोन बाजूंमध्ये बरोबरीच्या दोन रेघा नसतात, एक चोच असते, आणि ती चोच मोठ्याकडे उघडते. बरोबरीची गणितं देव सोडवतो, आपल्या वाट्याला लहानमोठ्याचीच येतात, हेही त्यांचंच.

मठाचा एक रिवाज होता. धूळपाटीवर गणित करताना दोन्ही बाजूंना कशानंही भागायचं झालं, तर आधी त्या संख्येला हात जोडायचे. मग भागायचं. नवीन माणसाला हसू यायचं. मलाही आलं होतं. जुने शिष्य जोडायचे, म्हणून आम्हीही जोडायचो.

"तू मोठा," महाराज अचानक म्हणाले. "कबूल. तू पाच, तो तीन. लिही."

वैजनाथाला हे अपेक्षित नव्हतं. तो खाली बसला आणि त्यानं बोटानं मातीत पाच लिहिलं, तीन लिहिलं. चोच पाचाकडे उघडली.

"दोघांना दोन-दोन दे."

सात आणि पाच. चोच तशीच राहिली.

"आता दोघांकडून दहा-दहा काढून घे."

उणे तीन आणि उणे पाच. वैजनाथानं क्षणभर पाहिलं. उणे तीन मोठा. चोच तशीच होती.

"दिलं तरी तू मोठा. काढून घेतलं तरी तू मोठा," महाराज म्हणाले. "बरं आहे की."

वैजनाथाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले. मला मात्र महाराजांचा हा गोडवा बरा वाटेना. ते कुणाची स्तुती करू लागले की आम्ही शिष्य एकमेकांकडे पाहत असू.

महाराजांनी माती पुसली.

"एक संख्या आहे. कोणती, ते माहीत नाही. क्ष म्हण तिला. तिचा वर्ग तिच्या तिपटीपेक्षा मोठा आहे. तर ती कोण?"

वैजनाथ हसला. हे तर पहिल्या वर्षाचं गणित होतं. त्यानं डावीकडे क्षचा वर्ग लिहिला, उजवीकडे तीन क्ष, मध्ये चोच डावीकडे उघडी. दोन्ही बाजूंना क्ष आहेच, तेव्हा क्षनं भागून मोकळं व्हायचं. त्यानं माशी हाकलल्यासारखे हात जोडले आणि भागलं.

"क्ष तीनपेक्षा मोठा. चार, पाच, सहा, पुढचे सगळे. तीनाच्या अलीकडचा एकही नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

महाराजांनी फाटकाकडे पाहिलं. मग पुन्हा धूळपाटीकडे.

"दाराशी उणे एक आलाय. त्याला काय सांगू?"

"तीनाच्या कितीतरी अलीकडचा आहे तो. जा म्हणून सांगा."

"त्याला विचारून तर बघ."

वैजनाथानं नाइलाजानं मातीत लिहिलं. उणे एकाचा वर्ग, एक. उणे एकाची तिप्पट, उणे तीन. एक मोठा की उणे तीन मोठा...

त्याचं बोट मातीतच थांबलं.

"काय झालं?"

"एक मोठा."

"म्हणजे तो आतला."

"...हो."

"उणे दोन आलाय."

वैजनाथानं लिहिलं. चार, आणि उणे सहा. चार मोठा. तोही आतला निघाला. महाराज एकेकाला दाराशी आणत गेले आणि वैजनाथ लिहीत गेला. उणे दहा. उणे शंभर. प्रत्येक जण खरा निघत होता. प्रत्येकाचा वर्ग त्याच्या तिपटीपेक्षा मोठा. मग वैजनाथानं लिहिणं सोडलं. तो नुसताच डावीकडे बघत राहिला, जिथं धूळपाटी संपत होती आणि उणे संख्या संपत नव्हत्या. मीही बघितलं. शून्याच्या त्या बाजूला जेवढे म्हणून होते तेवढे सगळे आपल्या हक्काच्या दाराबाहेर उभे होते, आणि आत कुणाला पत्ता नव्हता.

"एक आणि दोन?" महाराजांनी विचारलं.

वैजनाथानं मनातच पाहिलं. एकाचा वर्ग एक, तिप्पट तीन. दोनाचा चार, आणि सहा. दोघंही बसत नव्हते.

"ते बाहेर."

"शून्याच्या उजवीकडचे असून?"

"...हो."

"आणि शून्य?"

"दोन्हीकडे शून्यच. तोही बाहेर."

"म्हणजे सगळ्यांनाच आत घ्या असं गणित म्हणत नाही," महाराज म्हणाले. "मी पण म्हणत नाही. पण एवढ्या सगळ्यांना बाहेर कुणी ठेवलं?"

"मी."

"कधी?"

वैजनाथानं आपल्याच अक्षरांवरून उलट बोट नेलं. ते बोट एका जागी येऊन थांबलं.

"क्षनं भागलं तेव्हा."

"नमस्कार केला होतास ना?"

"केला होता."

"कुणाला केलास?"

"क्षला."

"तो कोण होता? शून्याच्या वरचा होता? खालचा होता? स्वतः शून्यच होता?"

"ते माहीत नव्हतं, महाराज. म्हणून तर क्ष."

"मग विचारलंस का?"

त्या वेळी मला कळलं, की मी ज्याला रिवाज समजून हसलो होतो ती एक थांबायची जागा होती. हात जोडायचे म्हणजे समोरच्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू कोण. तो वरचा असेल तर चोच तशीच ठेवायची. खालचा असेल तर फिरवायची. शून्य असेल तर भागायचंच नाही. इतकी वर्षं सगळे हात जोडत होते आणि विचारायचं बहुतेक विसरून गेले होते.

पण वैजनाथ हार मानणारा नव्हता. चूक झाली, ती त्यानं मान्य केली. क्ष उणे असेल तर चिन्ह फिरवायला हवं होतं, घाईत राहून गेलं, असं तो म्हणाला. नियम त्याला पाठ होता.

"का फिरतं?" महाराजांनी विचारलं.

"उणे संख्येनं गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरतं."

"ते झालं. का फिरतं?"

"नियमच आहे तसा."

"कुणी केला?"

महाराज काठी टेकत उठले आणि तळ्याच्या पायऱ्यांकडे चालू लागले. वैजनाथ मागून गेला. फुलांची परडी तशीच ठेवून मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर दोन दीपमाळा आहेत. एक उंच, तिला सगळे थोरली म्हणतात. दुसरी तिच्या निम्म्याहून थोडी जास्त, ती धाकटी. दोघींचे पाय पाण्याला टेकलेले. सकाळची वेळ, वारा पडलेला, पाण्यावर सुरकुती नव्हती.

"मोठी कोण?"

"थोरली."

"पाण्यात बघ. थोरलीचा शेंडा कुठाय?"

वैजनाथानं पाहिलं.

त्याच पायऱ्यांवर तो रोज अंघोळ करत असे. रोज त्याच दीपमाळा, तेच पाणी. पण त्या दिवशी त्यानं जे पाहिलं ते आधी पाहिलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वर जी सगळ्यांत उंच होती तिचा शेंडा पाण्यात सगळ्यांत खाली गेला होता. आणि धाकटी, जी वर तिच्या खांद्यालाही लागत नव्हती, तिचा शेंडा पाण्यात थोरलीच्या शेंड्यापेक्षा वर राहिला होता.

"...सगळ्यांत खाली."

"पाण्यानं दुजाभाव केला?"

"नाही. दोघींना सारखंच केलं. जशीच्या तशी उलटी केली."

"थोरलीनं काही गमावलं?"

"नाही. तेवढीच आहे."

"धाकटीला कुणी वाढवलं?"

"नाही."

"मग?"

वैजनाथ पायरीवर बसला. दोघींना एकच गोष्ट झाली होती, कुणावर अन्याय नव्हता, कुणाचं माप बदललं नव्हतं, आणि तरीही वरचं खाली आणि खालचं वर. पाच हा तीनपेक्षा मोठा, म्हणूनच उणे पाच हा उणे तीनपेक्षा लहान. जितकी उंची, तितकीच खोली. मी आयुष्यात देवळं खूप पाहिली, पण देवळात उभं राहिल्यासारखं मला खरं वाटलं ते त्या पायऱ्यांवर. कुणी नियम केलेला नव्हता. तो तिथं पाण्यात पडलेलाच होता, कुणी बघायची वाट बघत.

"आणि ती पाण्याची रेघ आहे ना, पायाशी," महाराज म्हणाले. "तिथं?"

"तिथं दोघी सारख्या," वैजनाथ म्हणाला. "तिथं थोरली नाही आणि धाकटी नाही."

एक पाणकोंबडी लव्हाळ्यातून निघाली आणि पुन्हा लव्हाळ्यात गेली. फाटकाकडे मी एकदा मागे वळून पाहिलं. तो माणूस अजून उभाच होता, आणि ऊन आता त्याच्या डोक्यावर येऊ लागलं होतं.

वैजनाथाचे डोळे भरले होते. त्यानं हात जोडले.

"कळलं, महाराज. मी उगाच ताठलो होतो. खरं म्हणजे तोच मोठा. मीच लहान."

मला वाटलं, आता महाराज त्याला जवळ घेतील. गोष्टींमध्ये असंच होतं.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

"लगेच फिरवलंस?"

"म्हणजे?"

"सकाळी त्याला न विचारता चोच तुझ्याकडे उघडलीस. आता त्याला न विचारता त्याच्याकडे उघडलीस. मध्ये विचारलंस कधी? त्याचं नाव काय?"

वैजनाथाला माणूस माहीत होता. गंजी माहीत होती, बैलजोडी माहीत होती, शिक्षेची वर्षंही माहीत होती. गाव त्याला काय म्हणतं, तेही माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

"तो इथं कशाला आलाय?"

"राहायला आलाय, म्हणाला..."

"राहायला कशाला?"

"...विचारलं नाही."

महाराजांनी हात पुढे केला. "फाटकाची किल्ली दे."

वैजनाथानं कमरेची किल्ली काढून दिली. महाराज काठी टेकत फाटकाकडे निघाले आणि मला त्यांनी खुणेनं आपल्या मागे यायला सांगितलं. वैजनाथ पायरीवरच राहिला, पाण्याकडे तोंड करून. त्याला वाटलं असणार, महाराज आता त्या माणसाला आत आणतील. मलाही तेच वाटलं.

फाटक उघडून महाराज बाहेर गेले. त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी फाटक बाहेरून ओढून घेतलं आणि गजांमधून किल्ली माझ्या हातात दिली.

"कुलूप लाव."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"लाव. आणि किल्ली वैजनाथाला दे."

आपल्याच गुरूला बाहेर ठेवून दाराला कुलूप घालायचं, असा प्रसंग कुठल्या शिष्यावर आला असेल असं वाटत नाही. माझ्यावर आला. कुलूप दोनदा चुकलं. तो माणूस घाबरून महाराजांपासून चार पावलं बाजूला सरकला, तर महाराजही तेवढेच सरकून पुन्हा त्याच्या शेजारी उभे राहिले. दोघांच्याही डोक्यावर ऊन होतं.

मी धावत जाऊन वैजनाथाला सांगितलं. तो जसा होता तसा उठून आला.

गजांच्या अलीकडे तो, पलीकडे ते दोघं. वैजनाथानं महाराजांकडे पाहिलं. महाराज दुसरीकडेच बघत होते, डोंगराच्या सोंडेकडे, जणू त्यांची कुणाशी ओळख नाही.

वैजनाथानं हात जोडले.

या वेळी त्यानं माशी हाकलली नाही. जोडले आणि थांबला. डोळे उघडे होते. खूप वेळ तो तसाच उभा राहिला आणि मला भीती वाटू लागली की आता हा हात सोडणारच नाही. समोर तर दोघं होते, पण नमस्कार त्यातल्या एकालाच होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"आपलं नाव काय?" त्यानं त्या माणसाला विचारलं.

त्या माणसानं आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग म्हणाला, "लिंबाजी."

"लिंबाजीराव, इथं कशासाठी आलात?"

लिंबाजीनं गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. एवढं साधं विचारणारं कुणी त्याला बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. तो अडखळत बोलला.

"जेलात एक मास्तर व्हते. त्यांनी मला गणित शिकवलं, बीजगणित. गोडी लागली. मंग एक दिस म्हणले, उण्यानं भागलं की चिन्ह फिरतं. मी इचारलं, का फिरतं? तं म्हणले, उद्या सांगतो. अन् सकाळीच त्यांची सुटका झाली." तो थोडं थांबला. "तवापास्नं डोक्यात तेच हाय. हितं गणिताचे महाराज हायती म्हणून कळलं. म्हणलं, इचारून यावं. मंग तुमी ठेवा नाय तं हाकला."

वैजनाथानं गज धरले. मघाशी हा माणूस जसे धरून उभा होता, अगदी तसेच. आपण सकाळपासून ज्या प्रश्नाला कुलूप लावून बसलो होतो तो हा होता, आणि आज सकाळपर्यंत आपल्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिलं. त्यानं माझ्या हातातून किल्ली घेतली. त्याला ती पहिल्याच खेपेला लागली.

"या," तो म्हणाला. "चपला राहू द्या पायात, पायऱ्या तापल्या असतील. तळ्यावर जाऊ. वारं सुटायच्या आत."

लिंबाजी आत आला. उंबऱ्याशी वाकून त्यानं दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. वैजनाथानं त्याच्या खांद्यावरचं गाठोडं आपल्या हातात घेतलं. दोघं काही पावलं चालले, आणि मग वैजनाथ एकदम थांबला, मागे वळला.

फाटक सताड उघडं होतं. महाराज अजून बाहेरच, उन्हात, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"महाराज... आपण का बाहेर थांबलात?"

सोमगीर महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

"तुझ्या सकाळच्या उत्तरात मीही बसत नव्हतो, वैजनाथ. मीही शून्याच्या खालचाच."